दादीला ठाऊक असलेलं माप

२००९ सालच्या जानेवारीत माझी दादी गेली. त्या वर्षी रमजान ईद सप्टेंबरात आली. चाँदरातीला मी मुलीला घेऊन कराडच्या बाजारात बांगड्या घ्यायला गेले. दुकानदारानं विचारलं, "ताई, माप काय?" मुलीनं आपलं माप पटकन सांगितलं. मला सांगता येईना. चाळिशीला आलेली बाई, बी.ए. झालेली, कवितांची दोन पुस्तकं नावावर असलेली, आणि स्वतःच्या हाताचं माप ठाऊक नाही! दुकानदार हसला. त्याचा काही दोष नव्हता. पण मला माझं माप कधी लागलंच नव्हतं. लहानपणापासून माझ्या हातात बांगड्या भरल्या त्या दादीनं. तिनं हात हातात घेतला की माप तिला कळायचं. ते सांगायची किंवा विचारायची गरज कधी पडली नाही.

त्या दुकानात उभ्या उभ्या मला पहिल्यांदा कळलं की दादी गेली. तोवर नुसतं रडून झालं होतं.

आम्ही जातीनं मणेर. बांगड्या विकणारे. माण तालुक्यातल्या एका लहान गावात आमचं तीन खणांचं घर. गावात दादीला कुणी नावानं हाक मारली नाही. म्हाताऱ्या बाया 'मणेरीण' म्हणायच्या, लेकीसुना 'चाची' म्हणायच्या. आम्हा नातवंडांची ती दादी. आमचे आजोबा १९५६ साली गेले. पदरात तीन लेकरं, थोरले माझे वडील, ते नऊ वर्षांचे. इद्दतीचे चार महिने दहा दिवस दादी घराबाहेर पडली नाही. ते संपल्यावर तिनं खुंटीवरची आजोबांची मलार काढली आणि खांद्यावर टाकली. मलार म्हणजे दोरीत ओवलेल्या बांगड्यांचा मोठा हार. तरुण श्रोत्यांनी पाहिली नसेल म्हणून सांगितलं. आता बांगड्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतात.

त्याच सुमाराला, १९५७ सालच्या एप्रिलपासून, देशात नवे पैसे आले. सोळा आण्यांचा रुपया जाऊन शंभर पैशांचा झाला. दादीला याचा मोठा वैताग. हिशेब चुकायचा, पोरं हसायची. पण ती म्हणायची, "रुपये के सोला आने गये, बंगडी के नै गये." आणि ते खरंच आहे. बांगडीचं माप अजूनही आण्यांतच चालतं. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि चार आणे, सव्वादोन इंच. दोन-आठ म्हणजे अडीच. त्यांच्या मधलं ते दोन-सहा. फिरोजाबादहून आलेल्या काचेच्या बांगडीच्या डब्यावर आजही हेच आकडे असतात. शाळेत मला अपूर्णांक कधी अवघड गेले नाहीत, त्याचं श्रेय गुरुजींना नाही, दादीच्या टोपलीला आहे.

विधवा बाई बांगड्या भरणार म्हटल्यावर गावात कुजबुज झाली. रोजच्या बांगड्यांचं ठीक होतं. पण लग्नाचा हिरवा चुडा? सुवासिनीचं लेणं, आणि ते भरणारीचे हात भुंडे! पहिल्याच लग्नात नवरीच्या आत्यानं दादीला ओसरीवर बसवून ठेवलं. आत बराच वेळ बोलणी झाली. शेवटी घरातली थोरली म्हातारी बाहेर येऊन म्हणाली, "मणेरणी, पयली बांगडी आमची सवाशीण चढवंल. मागनं तू भर." दादी म्हणाली, "चालतंय की. पयली तुमची. बाकीच्या माझ्या." तीच रीत पुढं पडली. पन्नास वर्षं आमच्या गावातल्या प्रत्येक नवरीची पहिली बांगडी दुसऱ्या कुणीतरी चढवली आणि बाकीच्या दादीनं भरल्या. दादी याबद्दल कधी वाईट बोलली नाही. पण ती पहिली बांगडी चढेपर्यंत ती खाली मान घालून दोरीच्या गाठी सोडत बसायची. गाठी सुटलेल्या असल्या तरी.

आमच्या धर्मात इद्दत संपल्यावर बाईला बांगडी घालायची मनाई नाही. हे मला पुढं पुस्तकातून कळलं. दादीचे हात भुंडे राहिले ते गावाच्या रितीनं. आमच्या धंद्याचाही एक कडू हिशेब होता, तो घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. गावात कुणाचा नवरा मेला की आमचं एक गिऱ्हाईक कायमचं कमी व्हायचं. दादी त्या घरी वर्षभर मलार घेऊन जायची नाही, नुसती जायची. २०२२ सालच्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की, नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. पाठोपाठ सरकारचं परिपत्रकही निघालं. ती बातमी मी दोनदा वाचली. दादी असती तर काय म्हणाली असती, याचा विचार केला. बहुतेक म्हणाली असती, "उशीर केला गं. माझी तीस-चाळीस गिऱ्हाइकं बुडाली."

मी आठ वर्षांची झाल्यावर सुट्टीच्या दिवशी दादी मला बरोबर न्यायला लागली. तिच्या खांद्यावर मलार, माझ्या डोक्यावर छोटी टोपली. आमचं गाव आणि भोवतालच्या पाच-सहा वाड्या. पायात वहाण असायचीच असं नाही. कुणाच्या ओसरीवर टेकलं की गल्लीतल्या बाया जमायच्या. दादी एकेकीचा हात घ्यायची. आधी नुसता धरून बसायची, जसा काही पोळी लाटायच्या आधी पिठाचा गोळा हातात घ्यावा. मग अंगठा तळव्यात दुमडायचा, अंगठ्याच्या मुळाशी असलेलं हाड दाबत दाबत मऊ करायचं, साबणाचा हात फिरवायचा आणि बाईला काहीतरी विचारायचं. "गाय व्याली का गं?" बाई बोलायला लागली की हात सैल पडतो. तेवढ्यात बांगडी मनगटावर गेलेली असायची. घट्ट बसणारी बांगडीच शोभते, सैल बांगडी विहिरीवर, जात्यावर आपटून जाते. म्हणून माप नेमकं हवं.

भरताना बांगडी तडकली तर नुकसान मणेराचं. उंबऱ्याबाहेर गेली की बाईचं. पण 'फुटली' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. बांगडी 'वाढली' म्हणायचं. दादीच्या हातून वर्षाकाठी दोन-तीन वाढायच्या, त्याही काच कच्ची असली तर.

मी बाळबोध होते. बायांच्या तोंडाकडे बघत बसायचे. दादी चिमटा काढायची. "मूँ नको देख गे. हात देख." तोंडावर बाई हसू आणते, पदर ओढून घेते. हात तसा लपवता येत नाही. तव्याचा चटका कुठला आणि दुसऱ्या कशाचा कुठला, हे दादीला कळायचं. मनगटाच्या वर बोटांचे वळ असले तर ती त्यांना धक्का न लावता बांगडी चढवायची. १९७२ च्या दुष्काळात बाया खडी फोडायला गेल्या. दादीही गेली, तेव्हा मी दोन वर्षांची होते. ती सांगायची, खडीवर जाणाऱ्या बाया बांगड्यांना चिंधी गुंडाळून जायच्या, म्हणजे दगडाच्या कपऱ्या लागून वाढायच्या नाहीत. दिवसाची मजुरी, वर सुकडी, घरी लाल मिलोच्या भाकरी. त्या वर्षी बांगडी कुणी विकत घेतली नाही. तरीही दादीनं संक्रांतीला ओळखीच्या बायांना उधारीवर दोन-दोन भरल्या. त्यांतली काही उधारी पुढं जोंधळ्यात फिटली, काही फिटली नाही.

बघायचं सगळं, पण बोलायचं नाही, हा तिचा कायदा. ती म्हणायची, "मलार फिरती. बात नै फिरनी." मलार घरोघरी फिरते, तिच्याबरोबर गोष्ट फिरता कामा नये. या घरचं त्या घरी बोललं की दोन्ही दारं बंद होतात. आम्ही पाच-पन्नास घरांच्या गावात मुसलमानांची चार घरं. आमचं पोट प्रत्येक उंबऱ्याच्या आत होतं. दादीचं तोंड बंद होतं म्हणून सगळी दारं उघडी होती. मला तेव्हा याचा फार अभिमान वाटायचा.

आता जे सांगणार आहे ते मी आजवर कुठं लिहिलं नाही. ज्या माउलीचं ते आहे ती आता हयात नाही. तिच्या घरातही कुणी उरलेलं नाही. म्हणून बोलते.

आमच्या गावातली एक मुलगी. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मला चिंचा पाडून द्यायची. तिचं लग्न दोन कोसांवरच्या वाडीत झालं. नवरा मुंबईला गिरणीत. आमच्या भागातले निम्मे बापे तेव्हा मुंबईलाच. तिचा चुडा दादीनं भरला, म्हणजे दुसरी बांगडी आणि पुढच्या. माप दोन-सहा. मी टोपलीतून काढून दिल्या म्हणून पक्कं आठवतं. पुढं १९८२ सालच्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला. मनीऑर्डरी बंद पडल्या. एकेक करून माणसं वळकटी घेऊन गावाकडं परत आली. तिचाही नवरा आला. घरात खाणारी तोंडं वाढली, शेतात काही नाही. माहेरून पैसे आण, असं सुरू झालं असावं. हे सगळं नंतर लोक बोलले. तेव्हा आम्हाला काही ठाऊक नव्हतं.

लग्नानंतर बाईचं माप वाढतं. काम वाढतं, बाळंतपण होतं, हाड रुंदावतं. दादीच्या हिशेबात वाढलेलं माप ठीक. १९८३ च्या नागपंचमीला आम्ही त्या वाडीत गेलो, तर दोन-सहा त्या पोरीच्या हातात खुळखुळायला लागली. दादीनं दोन-चार भरल्या. दिवाळीनंतर पुन्हा गेलो. सासू शेजारी बसलेली, जोंधळे निवडत. दादीनं हात धरला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "दो-दो दे." दोन-दोन म्हणजे पोरीसोरींचं माप. बांगडी साबणाशिवाय गेली. दादी एवढंच म्हणाली, "वाळलीस गं." ती म्हणाली, "ऊन लागलं, चाची." कार्तिकात.

वाटेत दादी एक शब्द बोलली नाही. आठ दिवसांनी गावात त्या पोरीच्या आईनं आम्हाला बोलावलं. तिच्या हातातल्या बांगड्या कमी झाल्या होत्या. दादीनं हात घेतला. आईनं विचारलं, "तिकडं गेला हुता म्हनं. माझी पोर बरी हाय का?" दादी म्हणाली, "बरी हाय." तेवढ्यात बांगडी हातातच वाढली. दादीनं तुकडे पदरात गोळा केले, दुसरी काढली, ती नीट भरली. पैसे घेतले. मला वाटलं, चालून चालून दमली असेल.

चैत्रात ती पोर विहिरीत सापडली. पाणी शेंदताना पाय घसरला, असं झालं. पोलीस आले नि गेले. वय एकोणीस.

दादी त्यानंतर महिनाभर बाहेर पडली नाही. ऐन लग्नसराईचे दिवस, घरात चूल पेटायची पंचाईत. वडील बोलले, आई बोलली. मी तेरा-चौदा वर्षांची. मला वाटलं, आपण मोठे झालोत, आपल्यालाही कळतं. एका रात्री तिच्या शेजारी झोपल्यावर मी विचारलं, "दादी, तू बरी हाय म्हणून का सांगितलंस?" ती भिंतीकडं तोंड करून झोपली. मी उत्तराची वाट बघत राहिले. सकाळी उठले तर ती नमाजाला बसली होती. नेहमीपेक्षा फार वेळ बसली होती. हा प्रश्न मी तिला पुन्हा कधी विचारला नाही. पण मी स्वतःलाही तो विचारायला हवा होता. दोन-दोनची बांगडी टोपलीतून काढून दिली ती मीच. चिंचा मला मिळत होत्या.

मग दादी परत मलार घेऊन निघाली, आणि तिनं आपला कायदा मोडला. सगळा नाही. गोष्ट ती अजूनही फिरवायची नाही. पण लेकीचं माप आईला सांगायला लागली. नुसतं माप. "तुझ्या लेकीला दोन-चार लागली गं. लग्नात दोन-आठ हुती." एवढं बोलून पुढच्या बाईचा हात घ्यायची. ज्या आईला समजायचं तिला समजायचं. एका बापानं दुसऱ्याच दिवशी बैलगाडी जुंपली आणि लेकीला माहेरी आणली. दुसऱ्या एका घरी लेकीचा भाऊ जाऊन राहिला. एका ठिकाणी मात्र ही बोलणी सासरी पोचली. त्या वाडीत आम्हाला पुन्हा पाऊल टाकू दिलं नाही. सात-आठ घरांचं गिऱ्हाईक एका दिवसात गेलं. वडील चिडले. दादी म्हणाली, "जाऊ दे." पुढं मी तालुक्याला शिकायला गेले. टोपली धाकट्या बहिणीकडं गेली. हळूहळू लोक एस.टी.नं बाजाराला जाऊन बांगड्या आणायला लागले आणि दादी थकली.

मला कार्यक्रमांत हमखास विचारतात, तुम्ही मुसलमान असून मराठीत कशा लिहिता? १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी कॉलेजात होते. वाटलं होतं, आता हा प्रश्न संपेल. संपला नाही. मी सांगते, घरात आम्ही दखनी बोलायचो आणि उंबऱ्याबाहेर माणदेशी मराठी. दादी दोन्ही बोलायची, वाचायला तिला दोन्हीही येत नव्हतं. माझी पहिली कविता छापून आली तेव्हा मी ती तिला वाचून दाखवली. तिनं ऐकून घेतली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "दुबली हो गयी तू. खाती नै क्या?" कवितेबद्दल काही नाही.

शेवटच्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली. ऐंशीच्या पुढं असेल. जन्मसाल कुणालाच ठाऊक नव्हतं. तिची बोटं स्वस्थ नसायची. गोधडीचं टोक धरून दाबत राहायची, अंगठ्याच्या मुळाशी दाबावं तशी. मधेच आकडे पुटपुटायची. दोन-चार, दोन-सहा, अडीच. माझ्या आईला वाटायचं, उधारी आठवतेय.

ती गेली त्या दिवशी गावातल्या बाया आल्या. जनाजा उचलायच्या आधी बायांनी तोंड बघायची आमच्यात रीत आहे. पण या बाया तोंड बघून हलेनात. एकजण म्हणाली, "हात बघू द्या की." हात कफनात होते. कुणी काढले नाहीत, तिनंही पुन्हा म्हटलं नाही. मग गल्लीतल्या बापयांनी खांदा दिला, आमच्या चार घरांतले पुढं, बाकी गाव मागं.

घर रिकामं झाल्यावर एक म्हातारी ओसरीवर तशीच बसलेली दिसली. ती चिंचावाल्या पोरीची आई. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, हात भुंडे. मी तिच्याजवळ जाऊन बसले. काय बोलावं कळेना. पंचवीस वर्षं जे मनात होतं ते तिला सांगावं, दादीच्या वतीनं माफी मागावी, असं फार वाटलं. मी म्हटलं, "मावशी, त्या दिवाळीनंतर आम्ही तिकडं गेलो होतो तेव्हा..."

तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाली, "ठाव हाय मला. तुझ्या दादीच्या हातनं त्या दिशी माझी बांगडी वाढली. येवढ्या वर्सांत कवा वाढली नव्हती. तवाच मला कळलं, पोर बरी न्हाई म्हून."

मी तिच्याकडं बघत राहिले.

"कळलं, तरी म्या गेले न्हाई," ती म्हणाली. "म्हनलं, संक्रांत हुदे. मग म्हनलं, सुगी हुदे."

आमच्या घरी त्या दिवशी चूल नव्हती. मी तिला पाणी आणून दिलं. ती पाणी प्यायली, तांब्या खाली ठेवला आणि काठी शोधायला लागली. मी काठी दिली. उठताना तिनं आधारासाठी माझा हात धरला तो जरा वेळ तसाच धरून ठेवला, आणि मग सोडून ती निघाली.